साहेबांचं भाषण आणि मास्तरांचं मराठी

पुढे सरका, असे जवळ या. भिंतीला पाठ लागली की डोळा लागतो, आणि कीर्तनात घोरणाऱ्याला देव माफ करतो, शेजारचा करत नाही. आज तुम्हाला एक गोष्ट सांगतो. पुराणातली नव्हे. हिच्यात देव आहेत, पण ते गाभाऱ्यातून हलत नाहीत. हलतात ती माणसं. एक परदेशचा मंत्री आहे, एक पेटीमास्तर आहे आणि एक सुपारी आहे. ती फुटते की नाही, एवढ्यावर लक्ष ठेवा. बाकीचं मी बघतो.

पोलादपूर मागे टाकून आंबेनळी घाटाकडे निघालं की डोंगराच्या खांद्यावर आमचं देऊळकोंड लागतं. चाळीसेक घरं, त्यांच्यापेक्षा जास्त म्हशी आणि मधोमध विठ्ठलाचं देऊळ. माघात सात दिवस सप्ताह असतो. मी त्यात टाळकरी. टाळकऱ्याचं एक सुख असतं, त्याला बोलायचं काम नसतं, त्यामुळे त्याला सगळं दिसतं.

पेटीवर सुनीलमास्तर. महाडच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे, पण सप्ताहाला रजा टाकून हजर. हात असा गोड, की कीर्तनकार रायबाबुवांचा सूर खाली घसरला तरी पेटी त्यांना हळूच बोट धरून वर आणायची आणि बुवांना वाटायचं, आपणच चढलो. गोष्ट दोन हजार तीन सालची. तेव्हा मास्तरांचं वय चौतीस, आणि लग्न झालेलं नव्हतं.

मुली बघून झाल्या होत्या आठ. पहिली फार उंच, दुसरी फार बुटकी, तिसरी बोलतच होती, चौथी बोललीच नाही. आठव्या मुलीला नाव ठेवायला काही सापडेना, तेव्हा मास्तर आईला म्हणाले, "त्यांच्या घरची मांजर माझ्याकडे बघून फिस्कारली."

"अरे, मांजरीशी लगीन लावायचं नव्हतं!" सगुणाबाई ओरडली. सगुणाबाई म्हणजे मास्तरांची आई. आवाज असा, की ती अंगणात म्हशीशी बोलली तर पोलादपूरच्या एस.टी. स्टँडावर कंट्रोलर मान वर करायचा.

खरं काय होतं ते गावात फक्त मला माहीत होतं. घाटातून खाली उतरताना एकदा मास्तर म्हणाले होते, "मला बायको नकोय. मला पुरुषच आवडतो. संसार करावासा वाटतो, पण पुरुषाबरोबर." मी म्हणालो, "बरं." इतकी कीर्तनं ऐकली, पण ऐन वेळी माणसाला 'बरं' एवढंच सुचतं. मग जरा पुढे गेल्यावर म्हणालो, "आईला सांगा."

ते सांगायचा त्यांचा प्रयत्न दहा वर्षं चालू होता. जेवताना ते म्हणायचे, "आये, एक सांगायचं होतं." सगुणाबाई विचारायची, "मीठ कमी पडलंय?" आणि मास्तर म्हणायचे, "होय, जरासं." त्या दहा वर्षांत त्या माणसाने किती मीठ खाल्लं असेल, देवाला ठाऊक.

नववी मुलगी होती दासगावची, संजीवनी. अंगणवाडीत शिकवणारी, हुशार, बोलायला खणखणीत. तिचे मामा कुशाबा, मिशा पिळून बोलणारे. या खेपेला सगुणाबाईने पक्का बंदोबस्त केला. काल्याच्या कीर्तनाला मुलीकडच्यांना बोलवायचं आणि कीर्तन संपलं की तिथेच, देवळात, सगळ्या गावासमोर सुपारी फोडायची.

"देवापुढं मांजरीची सबब चालायची नाय," ती म्हणाली.

सुपारी फुटली म्हणजे शब्द गेला. आमच्याकडे फुटलेली सुपारी माघारी घेत नाहीत. म्हणजे काल्याच्या दुपारपर्यंत मास्तरांनी तोंड उघडलं नाही, तर दोन माणसं जन्मभरासाठी एका खोलीत कोंडली जाणार होती. मास्तरांना ते कळत होतं. सप्ताहाच्या चौथ्या दिवशी त्यांनी पेटीचे सूर असे काही दाबले, की पेटीच रडतेय असं वाटावं. लोक म्हणाले, भक्ती वाढली.

आणि पाचव्या दिवशी तहसील कचेरीतून निरोप आला.

समुद्रापलीकडच्या एका गोऱ्या लोकांच्या देशातून एक मंत्री येणार होते. देशाचं नाव मला तेव्हाही नीट म्हणता आलं नाही, आता प्रयत्न करत नाही. साहेब स्वतः काळे. त्यांच्या पणजोबांना म्हणे जहाजातून ऊस तोडायला नेलं होतं, आणि पणतू आता तिथल्या राजधानीत पाणी खात्याचा उपमंत्री. महाडचं चवदार तळं बघायला खास येत होते. खासगी दौरा, सोबत एक माणूस. एक दिवस इंग्रजी बोलणारा कोणीतरी बरोबर हवा होता. कचेरीने शाळेला विचारलं, शाळेने मास्तरांचं नाव दिलं.

सगुणाबाईने ऐकलं आणि निकाल दिला. "तळं बघून झालं की त्यास्नी इकडं आण. काल्याच्या दिवशी पाव्हणा तालुक्यात आला नि प्रसाद न घेता गेला, असं होता कामा नये."

सरपंच हैबतीराव तर उडालेच. "पाणी खात्याचा मंत्री? आमच्या नळाचं काम आठ वर्सं पडलंय!"

"अहो, ते तिकडचे मंत्री," मास्तर म्हणाले. "इकडचा नळ त्यांच्या हातात कसा असेल?"

"पाणी ते पाणी, मास्तर. तुम्ही फक्त अर्ज इंग्रजीत लिवा."

मग तयारी सुरू झाली. आमच्याकडे काल्याच्या दिवशी वीणेची पूजा जोडप्याने करायची चाल आहे. दरसाल एक जोडपं बसतं, आणि पूजेनंतर बाईची ओटी भरतात. यंदा तो मान साहेबांना आणि मेमसाहेबांना द्यायचं गावाने एकमताने ठरवलं. एकमत आमच्या गावात दहा वर्षांतून एकदा होतं, त्यामुळे ते मोडायचं कोणाच्या मनात येत नाही. कासाराकडून हिरव्या बांगड्या आणल्या. मापाचा प्रश्न निघाला, तेव्हा सगळ्यांत मोठं माप घेतलं. खण आणला, नारळ निवडला.

कचेरीचा कागद मास्तरांनी नीट वाचला होता. ते म्हणाले, "आये, त्या पाहुण्यांबद्दल एक सांगायचं होतं."

"खण नको, साडीच द्यायला हवी होती ना? मला वाटलंच."

"होय," मास्तर म्हणाले. साडी आली.

काल्याच्या दिवशी सकाळी वीर स्टेशनावर गाडी आली. साहेबांना आणायला महाडच्या नासिरची ट्रॅक्स ठरली होती. नासिर पाच वर्षं मस्कतला गाडी चालवून आलेला, त्यामुळे साहेबलोकांपुढे तो कधी बुजत नसे. साहेबलोकच त्याच्या वळणांना बुजत. त्याने आधी सगळ्यांना तळ्यावर नेलं, आणि दहाच्या सुमाराला ट्रॅक्स आमच्या देवळापुढे येऊन थांबली. ढोल वाजला. बायका पंचारती घेऊन पुढे.

पुढच्या दारातून मास्तर उतरले. मागून साहेब उतरले, उंच, चष्मा लावलेले, गालावर खळी. त्यांच्या मागून उतरला एक भलामोठा गोरा माणूस, छातीपर्यंत लाल दाढी, उन्हाने नाक भाजलेलं. आणि मग कोणीच उतरलं नाही.

हैबतीरावांनी गाडीत डोकावून पाहिलं. मग मागच्या बाजूने पाहिलं. मग वाकून सीटखाली पाहिलं.

"नासिर," ते हळूच म्हणाले, "मेमसाब वीरला राहिली काय रे?"

"मेमसाब नाय सरपंच. हे दोघंच."

"मग ह्यांचं घरचं?"

नासिरने दाढीवाल्याकडे बोट केलं. "हेच. टॉमभाई."

कोणाला काही कळेना. मास्तरांनी सांगायला तोंड उघडलं, पण दहा वर्षांच्या सवयीने ते नुसतंच उघडं राहिलं. शेवटी नासिरच पुढे झाला. "अहो, बावीस वर्सं संसार केलाय मी. वीरपासनं महाडपर्यंत ह्या दोघांचं चाललं होतं. एक म्हणतो टोपी घाल, एक म्हणतो टोपी तू बॅगेत भरलीसच नाय. एक म्हणतो काच वर कर, एक म्हणतो खाली. मग दोघं गप, एक ह्या खिडकीत, एक त्या खिडकीत. दासगावच्या पुढं आल्यावर हळूच एकानं दुसऱ्याला गोळी दिली, बीपीची, पाण्यासकट. आता मला सांगा, हे नवरा-बायको नाय तर कोण? माझी रजिया मला अशीच गोळी देते, तोंड दुसरीकडं करून."

देवळापुढच्या म्हशींनीसुद्धा रवंथ थांबवला असावा.

पहिली बोलली बनुबाई. सगुणाबाईची थोरली जाऊ, सत्तरीची, तोंडात दोन दात आणि ते दोन्ही तिखट. ती काठी टेकत साहेबांच्या अगदी जवळ गेली, चेहरा न्याहाळला आणि म्हणाली, "अगो सगुणा, ह्यो तर गाभाऱ्यातल्या रंगाचा! आपण रोज ह्याच रंगाच्या पाया पडतो नि पोरी बघायला गेलो की गोरी मागतो."

साहेबांनी विचारलं, आजी काय म्हणतात. मास्तरांनी सांगितलं. साहेब इतके मोठ्याने हसले की ढोलवाल्याला वाटलं खूण झाली आणि त्याने पुन्हा सुरुवात केली.

राहिला प्रश्न पूजेचा. सगळे रायबाबुवांकडे बघू लागले. बुवा आमचे मोठे गोड माणूस; चाळीस वर्षं कीर्तन करतात आणि अजून सुदामा आला की स्वतःच रडतात. त्यांनी उपरणं सारखं केलं.

"जोडपं पाहिजे, असं आपण म्हणतो," बुवा म्हणाले. "पण पंढरीला जाऊन बघा. देव गाभाऱ्यात एकटा. रखुमाई रुसून मागं, तिचं देऊळ वेगळं. तिथं चालतं नि देऊळकोंडात चालत नाय? पाव्हणा दारात आला, त्याचं घरचं माणूस त्यानं सांगितलं तेच. बसवा दोघांना."

"आणि ओटी?" बायकांनी विचारलं.

"ओटी पोटाला भरतात," बनुबाई म्हणाली. "पोट तर ह्याला चांगलं हाय."

आणि भरली की! टॉमभाईंनी सदऱ्याचा घोळ पुढे धरला, त्यात बनुबाईने तांदूळ, नारळ, खण आणि साडी घातली. बांगड्यांनी मात्र बोटांच्या पेरांपाशीच हार मानली. मग नासिरच्या सूचनेवरून त्या सुतळीत ओवून त्यांच्या गळ्यात घातल्या. तो अजस्र माणूस डोळ्यांत पाणी आणून हात जोडून उभा राहिला. पूजा झाली, वीणेला बुक्का लागला, साहेबांच्या काळ्या कपाळावरचा बुक्का कोणाला दिसेना म्हणून वर गंध लावलं.

मास्तर पेटीपाशी बसून हे सगळं बघत होते. मी त्यांच्याकडे बघत होतो. त्यांचा चेहरा असा झाला होता, जसा पोहता न येणाऱ्या माणसाचा नदीत कोणी मजेत डुंबताना बघून होतो.

कीर्तनाला सुरुवात होईपर्यंत मी नासिरला तळ्याचं विचारलं. तो म्हणाला, "साहेब पायरीवर बसून राहिले. पाण्यात हात बुडवून. मग मास्तरांना विचारलं, इथं माणसांना पाणी कोणी शिवू दिलं नाय? मास्तर म्हणाले, आमच्यासारख्यांनीच. साहेबांनी हात पाण्यातच ठेवला. टॉमभाईनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला."

काल्याचं कीर्तन म्हणजे शिदोरीचं कीर्तन. बुवा त्या दिवशी असे रंगले! यमुनेकाठी गोपाळ जमले, कोणाच्या फडक्यात शिळी भाकर, कोणाच्या मडक्यात आंबलेली ताकाची कढी, एकाकडे तर नुसतं मीठ. तो लाजून मागे उभा. कृष्णाने सगळ्यांच्या शिदोऱ्या ओढून घेतल्या आणि एकत्र कालवल्या. तुझी कसली, माझी कसली, हे विचारलंच नाही. बुवा रडले, आम्ही रडलो, दासगावचे कुशाबासुद्धा मिशी पुसू लागले. संजीवनी बायकांत बसली होती, निळ्या साडीत, मान ताठ. कुशाबांच्या खिशात सुपारी होती. ते मधूनमधून वरून चाचपून बघत.

हंडी फुटली, दही-लाह्या वाटल्या, आणि बुवा म्हणाले, "साहेबांनी दोन शब्द सांगावेत. मास्तर मराठीत सांगतील."

साहेब उठले. शेजारी मास्तर. साहेब एक वाक्य बोलायचे, थांबायचे. मास्तर तेच मराठीत सांगायचे, जसंच्या तसं, साहेबच बोलताहेत असं. मोठी छान रीत आहे ती. ऐकणाऱ्याला वाटतं, साहेबांनाच मराठी येतं.

"मी काळा आहे, हे तुम्हाला दिसतंच आहे," मास्तर म्हणाले. लोक हसले.

"माझ्या देशात मी लहान होतो तेव्हा टीव्हीवर मंत्री दिसायचे. एकही माझ्या रंगाचा नव्हता. मला वाटायचं, मंत्री व्हायला आधी गोरं व्हावं लागतं."

"खरं हाय," हैबतीराव म्हणाले.

साहेब पुढचं वाक्य बोलले. मास्तरांची नजर आईकडे गेली. मला वाटलं, आता हे 'मीठ कमी आहे' म्हणतात की काय. पण ते म्हणाले, "आणि मी बायको केली नाही, कारण मला पुरुष आवडतो. हा टॉम. आम्ही सतरा वर्षं एकत्र राहतो. माझ्यासारखा दुसरा कोणी जगात असेल, हेसुद्धा मला वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. कारण दिसलाच नाही कोणी. असतील तिथे लपून होते."

बायकांत कुजबुज झाली. बनुबाईने काठी आपटली. "गप बसा गो."

"मी निवडणुकीला उभा राहिलो तेव्हा लोक म्हणाले, दोन्ही गोष्टी एकदम नको, काळा तर आहेसच, ही दुसरी गोष्ट गुपचूप ठेव. मी ठेवली नाही. आता मी सभागृहात उभा राहतो आणि फार मोठं काही बोलत नाही. पाण्याच्या पाइपाबद्दल बोलतो. किती इंची, कुठून कुठे, कधी फुटला. पण कोणीतरी आपल्या घरात बसून बघतं, की असा माणूस उभा राहून पाइपाबद्दल बोलतोय, आणि छप्पर कोसळलेलं नाही. लोक जांभया देताहेत. त्या जांभयांसाठी मी मंत्री झालो."

हे मला फार आवडलं. मी टाळ वाजवणार होतो, पण शेजाऱ्याने हात धरला.

मग साहेब म्हणाले, "थँक्यू." आणि हात जोडून खाली बसले.

आता इंग्रजी मला येत नाही, पण थँक्यू सगळ्यांना येतं. थँक्यूनंतर सांगायला काही उरत नाही. पण मास्तर बसले नाहीत. ते तसेच उभे राहिले आणि पुढे सांगू लागले.

"मी नववीत होतो तेव्हा मला हे पहिल्यांदा कळलं. मी कोणालाच बोललो नाही. मग मी पेटी शिकलो, कारण पेटीला काही सांगावं लागत नाही."

"साहेब पेटी पण वाजवतात?" हैबतीरावांनी मला विचारलं.

"मंत्री लोकांना सगळं यावं लागतं," मागून कोणीतरी म्हणालं.

"माझी आई पहाटे उठून म्हशीची धार काढते, आणि पहिला पेला मला देते, मी चौतीस वर्षांचा झालो तरी."

"साहेबाच्या आयेकडं पण म्हस हाय!" बायकांना फार आनंद झाला.

"तिने माझ्यासाठी आठ मुली बघितल्या. मी प्रत्येकीत खोट काढली. खोट त्यांच्यात नव्हती. एकीला तर मांजरीवरून नाही म्हटलं."

आता कुजबुज थांबली. साहेब खाली बसून मास्तरांकडे बघत होते. मराठी एक अक्षर कळत नव्हतं, पण आपलं भाषण आपल्याशिवाय पुढे निघून गेलंय, हे त्यांना कळलं असावं. त्यांनी टॉमभाईंचा हात धरला.

"आणि आज," मास्तर म्हणाले, आवाज पेटीच्या वरच्या पट्टीसारखा पातळ झाला होता, "आज दासगावहून माणसं आली आहेत. खिशात सुपारी आहे. ती फुटली तर एका चांगल्या मुलीचं मी वाटोळं करीन. तिला कधी कळणारही नाही, तिचं काय चुकलं ते."

कुशाबा ताडकन उठले. "म्हंजे? साहेबाला पण दासगावचीच पोरगी सांगून आली काय?"

कोणी हसलं नाही. एक माणूस सोडून. संजीवनी पदर तोंडाला लावून हसत होती, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "मामा," ती म्हणाली, "बसा खाली. साहेब केव्हाच बसलेत."

तेव्हा कुशाबांना कळलं. मग एकेक करून सगळ्या देवळाला कळलं, वारं शेतावरून जावं तसं. मास्तरांनी आईकडे पाहिलं. सगुणाबाई दगडासारखी बसली होती. हातातला दह्याचा द्रोण कलला होता आणि दही मांडीवर गळत होतं.

रायबाबुवा पुढे झाले. ते घाईने म्हणाले, "पाव्हण्याचं वेगळं, घरच्याचं वेगळं. मास्तर दमलेत. आपण आता आरती..."

"का वेगळं?"

सगुणाबाई उठली. इतकी वर्षं मी तिचा आवाज ऐकत होतो, पण असा हळू आवाज कधी ऐकला नव्हता. सगळं देऊळ पुढे वाकलं.

"बुवा, मघाशी देवाचा दाखला दिलात, तो पाव्हण्यापुरताच होता? नि काला काय सांगितलात? कृष्णानं कुणाची शिदोरी कसली ते इचारलं नाय म्हणालात. रडलात पण. मग माझ्या लेकाची शिदोरी आली नि आरती करता?"

बुवांनी आरतीसाठी उचललेला हात खाली घेतला. मोठा माणूस, गप्प बसायचं त्यांना कळलं.

मग ती मास्तरांकडे वळली. "नि तू रे! दहा वर्सं! दहा वर्सं मीठ वाढतेय मी तुला! सांगता येत नव्हतं?"

"आये, मला वाटलं तू..."

"काय वाटलं? मी मरेन? एवढा मोठा मंत्री, सरकारात बसतो, तो उभा राहून सांगतो नि त्याची आय जिवंत असंल ना तिकडं?" ती साहेबांकडे वळली. "इचार त्याला. आय हाय?"

मास्तरांनी विचारलं. साहेब म्हणाले, आहे. शहाऐंशी वर्षांची आहे. टॉमवर रोज ओरडते.

"बघ!" सगुणाबाई म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू फुटलं. ती पुढे काय म्हणाली ते मला कळलं नाही, कारण ती मास्तरांच्या सदऱ्यात तोंड खुपसून म्हणाली.

कुशाबांचा मात्र अजून पारा उतरला नव्हता. "आमच्या पोरीची बदनामी झाली त्याचं काय? बारावं स्थळ मोडलं हे! लोक काय म्हणतील?"

"मामा," संजीवनी म्हणाली, "अकरा जणांनी माझा रंग बघून नाय म्हटलं. मास्तर पहिले, ज्यांनी रंगावरनं नाय म्हटलं नाय." ती साहेबांकडे बघत होती. "सुपारी खिशात ठेवा. मला ह्या साहेबांना एक इचारायचंय. निवडणुकीला उभं राहायला काय काय लागतं?"

हैबतीराव दचकले. त्यांच्याही गावात पुढच्या खेपेला सरपंचपद बायकांसाठी राखीव होणार, अशी बोलवा होती. दासगाव दूर आहे म्हणून त्यांच्या जिवात जीव आला.

एवढं झालं आणि लोक उठू लागले, कारण जेवण मांडलं होतं आणि आमच्या गावात कसलंही संकट पंगतीच्या आड येत नाही. सगळ्यांना पटलं होतं असं मी म्हणणार नाही. दोन-तीन घरं त्या दिवशी न जेवता गेली. बुवांनी मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला, पण पुढचे कितीतरी महिने ते त्यांच्या डोळ्यांत बघत नव्हते. मग एका सप्ताहाला सूर घसरला, पेटीने सावरला, आणि बुवा चालू कीर्तनात त्यांच्याकडे बघून हसले.

पण सांगायचं राहिलं ते वेगळंच. बनुबाई उठली नव्हती. लोक पांगल्यावर तिने काठीने मास्तरांना खुणावलं. "सुनील, त्या साहेबाला माझा एक निरोप सांग."

मास्तर आणि साहेब दोघं तिच्यापुढे बसले.

"माझा नवरा महिपत," ती म्हणाली. "लगीन झालं नि चौथ्या दिवशी गेला. मुंबईला, मग बोटीवर, असं कोण कोण म्हणतं. आज पन्नास वर्सं होतील. जाताना माझ्या पाया पडला. नवरा कधी बायकोच्या पाया पडतो काय? मी समजले, येडा हाय. इतकी वर्सं येडाच समजत होते. आत्ता तू बोललास नि मला कळलं. येडा नव्हता तो. त्याला असं कोण दिसलंच नव्हतं, जे उभं राहून सांगतंय." तिने डोळे पुसले नाहीत, नाक पुसलं. "त्याला इचार, तिकडं बोटी येतात, कुठं महिपत दिसला काय? उजव्या भिवईवर खोक हाय. मला राग नाय म्हणावं. तेव्हा बघायला आले होते ती पोरगी मीच, मला तरी कुठं कोणी इचारलं होतं."

मास्तरांनी सांगितलं. सांगताना त्यांचं इंग्रजी पहिल्यांदा अडखळलं.

आपण ओळखतो, शोधू, असलं काही साहेब म्हणाले नाहीत. मंत्री असूनही खोटं आश्वासन दिलं नाही, याचं हैबतीरावांना मागाहून फार नवल वाटलं. त्यांनी फक्त नाव विचारलं. मग ते म्हणून बघितलं. पहिल्यांदा चुकलं. बनुबाईने मान हलवली. दुसऱ्यांदा चुकलं. तिसऱ्यांदा ते नीट म्हणाले, "महिपत." आणि बनुबाई म्हणाली, "हां. आता बरोबर."

ती पुढच्या पावसाळ्यात गेली. तिच्या नवऱ्याचं नाव घेणारं आता घरात कोणी नाही. तुम्ही उठायच्या आधी एवढंच करा, आपापल्या मनात एकदा ते नाव म्हणा. महिपत, देऊळकोंडचा, भिवईवर खोक असलेला. त्याला आठवा. आणि पंगतीला बसताना कोणी 'एक सांगायचं होतं' म्हणालं, तर मिठाचं विचारू नका. थांबा, आणि त्याला बोलू द्या.